तिसऱ्या भागात वारलेले मामा हवालदार

पोलीस खात्यातल्या एका माणसाला मरू दिलं नाही, एवढाच भाऊंचा गुन्हा. तोही खऱ्या खात्यातला नव्हे, पुस्तकातल्या. पण त्यापायी जो मनस्ताप झाला तो मात्र अस्सल होता.

मुळात हे भाऊंच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ते विमा कंपनीत दावे विभागात होते. मेलेला माणूस खरोखरच मेला आहे ना, याची कागदोपत्री खात्री करून घेणं हे त्यांचं काम. दाखल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला मृत मानलं नव्हतं आणि दाखला पाहिल्यावर कुणाला जिवंत मानलं नव्हतं. एकदा एक गृहस्थ स्वतःच्याच मृत्यूच्या दाखल्याबद्दल तक्रार घेऊन आले, तेव्हा भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग नम्रपणे सांगितलं, "तुम्ही इथे आहात हे मला दिसतंय, पण ते फाइलवर दिसत नाही." असा माणूस एका हवालदारासाठी खोटं बोलेल, असं कुणाला वाटलंही नसतं.

कारण होती आक्का.

आक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली, यजमान गेल्यापासून भाऊंकडेच राहणारी. तिच्या डोळ्यांचं असं झालं होतं की कडेकडेचं दिसायचं आणि ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसल्यासारखं व्हायचं. दाराची चौकट दिसे, दारातला माणूस दिसत नसे. पुस्तकाची कड दिसे, अक्षरं दिसत नसत. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आक्का एवढंच म्हणाली, "म्हणजे आता वाचन बंद." ते तिने इतक्या सरळ आवाजात म्हटलं की भाऊंना ते फार लागलं. त्याच आठवड्यात ते वाचनालयातून 'अदृश्य शाखा' मालिकेचा पहिला भाग घेऊन आले आणि ऑफिसातून आल्यावर रोज तासभर मोठ्याने वाचू लागले.

मालिका म्हटली तर पोलिसांची, म्हटली तर भुताखेतांची. एका मोठ्या शहरात पोलिसांची एक शाखा असते, तिची पाटी कुणाला दिसत नाही. एक तरुण इन्स्पेक्टर आणि एक पोट सुटलेले, निवृत्तीला आलेले हवालदार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, असे दोघे तिथे बसून जगावेगळ्या तक्रारी सोडवतात. कुणाची सावली चोरीला जाते. कुठल्या इमारतीची लिफ्ट नसलेल्या मजल्यावर जाऊन थांबते. इन्स्पेक्टर हुशार, देखणा आणि उतावळा. मामांना जादू येत नाही, पळता येत नाही. त्यांना फक्त समोरच्याचं ऐकून घेता येतं, मग समोरचा जिवंत असो वा नसो.

आक्काला इन्स्पेक्टरशी काही देणंघेणं नव्हतं. "मामा आले का?" ती विचारायची. मामा आले की ती पाय वर घेऊन बसायची.

आणि तिसऱ्या भागात मामा मेले.

भाऊ पुढचं पान ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चाळून ठेवायचे, वाचताना अडखळायला नको म्हणून. तिथे त्यांना हे कळलं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर पडेपर्यंत मामा दार धरून उभे राहतात आणि शेवटचा माणूस बाहेर आल्यावर मामा आत असतानाच दार मिटतं. भाऊंनी डबा तसाच बंद केला. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "कोण गेलं?" भाऊ म्हणाले, "हवालदार." त्याने सवयीने विचारलं, "पॉलिसी होती का?"

संध्याकाळी वाचायला बसले तेव्हा भाऊंनी काही ठरवलं नव्हतं. दार मिटायला आलं आणि समोर आक्का पाय वर घेऊन बसलेली दिसली. भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "पण मामांनी दारात आपला बूट अडकवला."

"वा!" आक्का म्हणाली.

तो बूट भाऊंना फार महागात पडला.

कारण चौथ्या भागात मामा कुठेच नव्हते. त्यांच्या जागी एक नवी महिला शिपाई आली होती, चुणचुणीत, कराटे जाणणारी. तिची निम्मी वाक्यं भाऊंनी मामांना देऊन टाकली, त्यामुळे एका प्रसंगात मामांनी भिंतीवरून उडी मारली आणि आक्काने शंका काढली, "या वयात?" भाऊंनी लगेच मामांना कंबर धरून दोन पानं बसवून ठेवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्याची वाक्यं उसनी घेण्यापेक्षा स्वतः रचलेली बरी. ऑफिसात दाव्यांच्या फाइलींमागे ते संवाद जुळवू लागले. नदी बाईच्या रूपात ठाण्यावर येते आणि माझं प्रतिबिंब चोरलं अशी तक्रार देते, असा एक प्रसंग पुस्तकात होता. तिथे इन्स्पेक्टर तिला खुर्ची देतो. भाऊंच्या मामांनी तिला बादली दिली. "पाय त्यात ठेवा, ताई," मामा म्हणाले, "म्हणजे घरच्यासारखं वाटेल." त्यावर नदी पहिल्यांदा रडली आणि खरं काय ते बोलली.

आक्का म्हणाली, "चौथ्या भागापासून या लेखिकाबाईला लिहायला जमायला लागलं हं."

इथे भाऊंचा तोल गेला, असं म्हणायला हरकत नाही. आयुष्यभरात त्यांच्या लेखनाला मिळालेला सर्वात मोठा अभिप्राय "टिपण पाहिले" हा होता.

भाऊंच्या पत्नीला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं, कारण स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं आणि पुस्तक तिने आधीच वाचलं होतं. ती म्हणाली, "अहो, एका माणसाला जिवंत ठेवायचं म्हणजे रोजचं काम आहे. जमणार आहे का तुम्हाला?"

"पुढे कुठेतरी बदली करून टाकतो त्यांची."

पण पाचव्या भागात लेखिकेनेच घोळ केला. तिने मामांना परत आणलं, भूत म्हणून. सगळं ठाणं त्यांना बघून ओक्साबोक्शी रडतं. आता भाऊंचे मामा तर रोज ड्यूटीवर हजर होते. भाऊंनी त्यांना घाईघाईने आठ दिवसांच्या रजेवर पाठवलं आणि मग परत आणलं.

"रजेवरून आलेल्या माणसाला बघून इन्स्पेक्टर रडतो कशाला?" आक्काने विचारलं.

"त्याला सर्दी झालीय."

"आणि मामा भिंतीतून कसे आले?"

"भिंतीला दार होतं. मघाशी वाचायचं राहिलं."

आक्काने मान एका बाजूला कलती केली. एक्स्चेंजमध्ये हजारो आवाज ऐकलेली बाई ती. "तुझा घसा बरा नाही का रे?" एवढंच म्हणाली.

एवढ्यावर हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण खालच्या मजल्यावर केमिस्टचं दुकान होतं आणि केमिस्ट या मालिकेचा भक्त निघाला. एका दुपारी आक्काचे डोळ्यांचे थेंब द्यायला तो वर आला, टेबलावरचं पुस्तक बघून बसलाच, आणि वाचकांची मतं मांडायचं एक ॲप आहे, त्यात नुसतं बोललं तरी आपोआप लिहिलं जातं, असं सांगून त्याने ते आक्काच्या फोनवर घालूनही दिलं. मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो खाली पळाला. आक्काने एकटीने आपलं मत सांगितलं.

भाऊ घरी आले तोवर ते जगभर झालं होतं. "चौथा भाग सर्वांत उत्तम," आक्काने म्हटलं होतं. "नदी जबाब द्यायला येते तेव्हा मामा तिला बादली देतात. हे ज्याला सुचलं त्याला माणसं कळतात. एक निवृत्त ऑपरेटर."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी खालची उत्तरं वाचली आणि ते पाणी आटलं.

"बाई, मामा तिसऱ्यात गेले." "पुस्तक न वाचता मतं ठोकणाऱ्यांचं काय करावं?" "चौथा भाग उत्तम? तो तर सगळ्यात टुकार आहे." एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की मृत पात्राला जिवंत समजून वाचणं हे लेखकाच्या सत्तेविरुद्धचं बंड आहे आणि या निवृत्त ऑपरेटरांनी ते फार मोठ्या ताकदीने पुकारलं आहे. त्यावर दोघेतिघे प्राध्यापकांवर तुटून पडले होते. सर्वात घातक प्रश्न शेवटी होता: "ही बादली कुठल्या आवृत्तीत आहे? माझ्या प्रतीत पानं कमी आहेत का?"

दोन दिवसांत कमी पानांची तक्रार करणारे वाढले. लोकांनी पुस्तकं दुकानात परत नेली. प्रकाशकाने खुलासा केला की एकही पान कमी नाही आणि बादलीशी आमचा संबंध नाही. त्यावर, खुलासा केला म्हणजे काहीतरी असणारच, असं मानणाऱ्यांचा एक नवा गट तयार झाला.

"काय म्हणतात रे लोक?" आक्का रोज विचारायची.

आता भाऊंना उत्तरंही रचावी लागली. "एकजण म्हणतो, तुमचं निरीक्षण सूक्ष्म आहे. एक बाई म्हणतात, आमचंही असंच मत, पण आम्हाला मांडता आलं नसतं." आक्का खूश होऊन मान डोलवायची. भाऊंना मात्र त्या खऱ्या उत्तरांचा संताप यायचा. आपली बहीण न वाचता बोलते असं कुणीतरी परक्याने म्हणावं आणि आपल्याला तोंड उघडता येऊ नये!

त्यांनी मत काढून टाकण्यासाठी ॲपवाल्यांकडे तक्रार केली. तक्रारीचं कारण निवडायचं होतं: अपमानकारक, जाहिरातवजा किंवा खोटं. भाऊंनी जड मनाने 'खोटं' निवडलं. उत्तर आलं, "मत खोटं असू शकत नाही, असं आमचं धोरण आहे. आपला दावा नामंजूर." जन्मभर दुसऱ्यांना हे शेवटचे तीन शब्द लिहून पाठवणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या नावावर वाचताना कसं वाटतं, ते भाऊंना त्या दिवशी कळलं.

शेवटी त्यांनी केमिस्टला खरं सांगून टाकलं. केमिस्टने गोळ्यांच्या पाकिटावर पेन आपटत विचार केला. "एकदम बंद करू नका, भाऊसाहेब. डोस कमी करत न्या. आज मामांना थोडा खोकला. उद्या जास्त. पुढच्या आठवड्यात आयसीयू."

"आणि मग?"

"मग आपल्या हातात काय असतं?"

पण तेवढा वेळच मिळाला नाही. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला, तो आक्कानेच उचलला. लेखिका येणार आहेत, वाचकांनी आपापली मतं मांडायची आहेत, आणि ज्यांच्या मताने एवढी खळबळ उडाली त्या बाई आमच्याच सभासदाच्या घरच्या आहेत असं केमिस्टकडून कळलं, हे आमचं भाग्य. आक्काने होकार दिला, आणि फोन ठेवल्याठेवल्या भावजयीला ठेवणीतले कपडे इस्त्रीला टाकायला सांगितले.

भाऊ धावत ग्रंथपालबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पत्रिका छापून झाली. वक्त्याचं नाव वक्त्यानेच मागे घ्यावं लागतं. नाहीतर वक्ता निवर्तला तर आपोआप जातं."

"कुणी निवर्तलेलं नाही, बाई," भाऊ कळवळून म्हणाले, "तीच तर अडचण आहे!"

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी केमिस्टने जिन्यात गाठून बजावलं, "आज मारूनच टाका. उद्या चारचौघांत कळण्यापेक्षा घरात कळू दे." भाऊ पुस्तक उघडून बसले. आता सहावा भाग चालू होता. त्यांनी मामांना खुर्चीत बसवलं. दिवा मंद केला, म्हणजे पुस्तकातला. मग घसा खाकरून म्हणाले, "एवढ्यात मामांच्या छातीत एक जोरदार कळ आली."

आक्काने खुर्चीचा हात घट्ट पकडला.

भाऊंनी पान उलटलं. दुसरं उलटलं. "पण ती कळ गॅसेसची निघाली," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. लेखिका ठेंगणी, साधी, सर्दीने बेजार अशी बाई होती. नाकाला रुमाल लावून पहिल्या रांगेतच बसली होती. आक्काला मंचावर नेऊन बसवलं. ती उभी राहिली आणि कागदाशिवाय, स्वच्छ आवाजात बोलली. "मी जन्मभर हेडफोन लावून लोकांचं बोलणं जोडून दिलं. स्वतः बोलायचं नाही असा नियम होता. म्हणून मला मामा आवडतात. ते ऐकतात. तिसऱ्या भागात लिफ्टच्या दारात बूट अडकवून ते वाचले तेव्हा मला वाटलं, एवढं कुणीतरी कुणासाठी करायला हवं. आणि चौथ्यात तर..."

मधल्या रांगेतली एक कॉलेजातली मुलगी उभी राहिली. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, उलट रडवेलीच झाली होती ती. "आजी, सॉरी, पण मामा वाचत नाहीत. बूट वगैरे काही नाही. ते तिथेच जातात."

आक्काने चेहरा भाऊंच्या दिशेला वळवला; पहिल्या रांगेत कुठेशी तो असणार हे तिला ठाऊक होतं. "भाऊ? खरं का?"

भाऊ उभे राहिले. पंचवीस वर्षं ज्यांच्या तोंडात "कागदपत्रं पाहून कळवतो" हे वाक्य तयार असायचं, त्यांना तेही आठवेना. "हो," ते म्हणाले. "तिथेच गेले."

आक्का खाली बसली नाही. ती लेखिकेला उद्देशून म्हणाली, "का मारलंत हो त्यांना?"

लेखिकेने रुमाल खाली घेतला. "ते दार कुणीतरी धरायलाच हवं होतं," ती म्हणाली. "इन्स्पेक्टरने धरलं असतं तर तो मिरवला असता. नव्या पोरांनी धरलं असतं तर घाबरून सोडलं असतं. मामांनी धरलं की ते शेवटपर्यंत धरणारच. मग मी काय करणार? मला ते लिहायला फार जड गेलं. चौथा भाग टुकार झालाय म्हणतात ना, तो त्यामुळेच. माझं लक्षच नव्हतं." मग नाक पुसत तिने भाऊंकडे बघितलं. "बादली तुमची का?"

भाऊंनी मान खाली घातली.

"चांगली आहे," लेखिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडा हेवा होता असं नंतर केमिस्टचं म्हणणं पडलं. त्या क्षणी मात्र भाऊंना ती शाबासकी घ्यायची कुठे, ते कळलं नाही.

घरी जाताना आक्का नेहमीसारखी भाऊंचं कोपर धरून चालली. रस्त्याच्या कडेला सायकली लावलेल्या होत्या, एका दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. भाऊ "खड्डा", "पायरी" एवढंच म्हणत होते. त्यांची पत्नी चार पावलं मागे राहिली होती, मुद्दामच.

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं, आक्का," शेवटी भाऊ म्हणाले.

"ठाऊक आहे मला." ती थोडं चालली. "ह्यांच्या वेळीही तू असंच केलंस. मला हॉस्पिटलात बाहेर बाकावर बसवलंत सगळ्यांनी. तू दर थोड्या वेळाने येऊन सांगायचास, सुधारणा आहे, आक्का, सुधारणा आहे. मी बिस्किटं खात बसले रे बाकावर. सुधारणा आहे म्हणून." तिने भाऊंचं कोपर सोडलं नाही. "माझं रडणं मला वेळेवर रडू दे ना. ते तू कोण वाचवून ठेवणारा?"

पुढची पायरी सांगायची भाऊंकडून राहून गेली. आक्का अडखळली, मागून त्यांच्या पत्नीने येऊन तिला सावरलं, आणि तिघं तशीच एकमेकांना धरून घरी पोचली.

जेवणं झाल्यावर आक्का आपल्या खुर्चीत बसली. "तिसरा भाग आण. ते प्रकरण काढ. छापलंय तसं वाच."

भाऊंनी वाचलं. एकही शब्द बदलला नाही. लिफ्टमधली माणसं एकेक करून बाहेर पडली. मामा प्रत्येकाला सावकाश, सावकाश म्हणत होते. शेवटी एक म्हातारी आपली पिशवी विसरली म्हणून परत वळली आणि मामांनी ती पिशवीही पायाने बाहेर सरकवली. मग दार मिटलं. भाऊ थांबले, पाणी प्याले आणि पुढचं वाक्य वाचलं, त्याच्या पुढचंही. प्रकरण संपलं तेव्हा आक्का रडत होती, आवाज न करता, चेहरा न झाकता. भाऊंच्या पत्नीने गॅस बंद केला आणि येऊन तिच्या शेजारी बसली. कुणी कुणाची समजूत काढली नाही.

बऱ्याच वेळाने आक्काने पदर शोधल्यासारखा हात हलवला, भावजयीने तिच्या हातात टॉवेल दिला.

"बरोबर केलं त्या बाईने," आक्का म्हणाली. "ते सोडणारे नव्हतेच."

दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसातून आले तर चौथा भाग टेबलावर काढून ठेवलेला होता. "पहिल्यापासून," आक्का म्हणाली. "तिने लिहिलाय तसा. काहीही घालायचं नाही."

भाऊ वाचू लागले. महिला शिपायाने आपल्या हक्काची उडी भिंतीवरून मारली. इन्स्पेक्टर एका टेबलापाशी एकटा बसून उगाच लांबलचक विचार करत राहिला. खरोखरच टुकार होता तो भाग. पण आता भाऊंना दिसलं की टेबलाच्या पलीकडची खुर्ची रिकामी आहे असं लेखिकेने पानोपानी लिहून ठेवलं आहे. तीच वाक्यं ते आजवर गाळत आले होते. आक्का मन लावून ऐकत होती. दोन प्रकरणं झाल्यावर तिने हात वर केला.

"थांब. इथे तुझे मामा काय करत होते?"

भाऊ गोंधळले. "इथे? इथे ते... पण तूच म्हणालीस काही घालायचं नाही."

"घालू नकोस. तिचं झालं की मग वेगळं सांग. तुझं म्हणून सांग." तिने पाय वर घेतले. "मला दोन्ही हवंय. मामा गेलेत हे मला माहीत आहे, आता तुला कसली भीती?"

भाऊंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आता पुस्तकाची आड नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवायचे हेही त्यांना सुचेना. त्यांनी घसा खाकरला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"अगं, तूही ये गं बाहेर," आक्काने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. "याचं सुरू होतंय."